कै. शेठ वालचंद हिराचंद दोशी : आघात सोसणारे मन

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखादा चरित्रात्मक लेख लिहून द्यावा, अशी सूचना चिटणीस महाशयांकडून आली, तेव्हा आमच्यापुढे पहिले नाव उभे राहिले ते कै. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे. सोलापुरात जन्मलेला, आपल्याच ज्ञातीत वाढलेला आणि पुढे साऱ्या हिंदुस्थानात उद्योगमहर्षी म्हणून गाजलेला हा पुरुष आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या नावाची विद्यालये आपण रोज पाहतो. तेव्हा पुन्हा तेच चरित्र लिहून नवीन ते काय सांगणार, अशी शंका कोणी घेतल्यास ती गैर म्हणता येणार नाही.

परंतु वालचंदशेठांचे चरित्र बहुधा एकाच रीतीने सांगितले जाते. पहिली मोठी आगबोट कंपनी, पहिला विमानाचा कारखाना, पहिली आधुनिक जहाजबांधणीची गोदी, मोटारींचा कारखाना, अशी यशाची नामावळी वाचून मुलांना टाळ्या वाजवावयास लावतात आणि समारंभ संपतो. या यशांच्या मधोमध किती मोठे आघात होते, हातातून किती गोष्टी निसटल्या, आणि त्या निसटत असता या माणसाने आपले मन कसे सांभाळले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मते आजच्या दिवसांत हेच सांगण्याची अधिक गरज आहे.

असे वाटण्यास एक प्रसंग कारण झाला. आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक विद्यार्थी पुढे चाटी गल्लीत कापडाचा व्यापार करू लागला. हुशार, मितभाषी, वडीलधाऱ्यांचा मान राखणारा. दोन वर्षे त्याला व्यापारात सतत खोट येत होती. पण घरी पत्नीस नाही, थोरल्या भावास नाही, कोणासही त्याने त्याची वार्ता लागू दिली नाही. सणावारी पेढे वाटले, लग्नकार्यात आहेर केले, आणि रात्री मात्र डोळ्यास डोळा लागत नसे. जेवण तुटले, बोलणे तुटले. एके दिवशी दुकानातच तो चक्कर येऊन पडला, तेव्हा कुटुंबास सारी हकीकत कळली. भावांनी वह्या पुढे घेऊन हिशेब मांडला, तेव्हा असे दिसून आले की, नुकसान होते खरे, पण ते घर बुडविणारे नव्हते. त्याला बुडवीत होते ते एकट्याने वाहिलेले ओझे. आज तो सावरला आहे. त्याच्या संमतीने, नाव न घेता, एवढे येथे लिहिले आहे. त्याच्या अंथरुणाशी बसलो असता आम्हास वालचंदशेठांचे चरित्र आठवले, आणि हा लेख तेथेच मनात लिहिला गेला.

वालचंदशेठांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. दिगंबर जैन, हुमड ज्ञातीचे. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात येऊन स्थिरावले आणि सावकारी व कापसाचा व्यापार हा त्यांचा पिढीजात धंदा झाला. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ पेढीवर बसणारे गृहस्थ नव्हते. धर्मग्रंथांचा व्यासंग आणि समाजसुधारणेची तळमळ त्यांच्या ठायी होती. जैन बोधक हे मासिक त्यांनी १८८४ साली सुरू केले, हे आपल्या समाजातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. सोलापूरचे वाणिज्य महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अशा घरात वालचंदशेठ वाढले. १८९९ साली ते सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून मॅट्रिक झाले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही काळ अध्ययन केले. परंतु पदवी हाती न येताच त्यांना घरच्या व्यवसायाकडे वळावे लागले.

येथे त्यांच्या मनाचा पहिला कल दिसतो. घरची पेढी होती, पत होती, नाव होते. तेथे स्वस्थ बसून राहिले असते तरी आयुष्य सुखात गेले असते. परंतु व्याजबट्ट्यात आणि कापसाच्या सौद्यात त्यांचे मन रमेना. त्यांची ओढ काहीतरी बांधण्याकडे, उभे करण्याकडे होती. बांधकामाची विद्या मात्र त्यांच्यापाशी नव्हती. मग त्यांनी काय केले? रेल्वेत कारकुनी केलेले श्री. लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी केली. फाटकांपाशी कामाची माहिती होती, वालचंदशेठांपाशी घरची पत व धडाडी होती. बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद रुळांच्या मार्गाच्या कामापासून ही जोडी कंत्राटदारीच्या धंद्यात उतरली. एक सावकाराचा मुलगा आणि एक माजी कारकून, एक जैन आणि एक ब्राह्मण, अशी ही जोडी त्या काळी लोकांच्या नजरेत भरण्यासारखीच होती.

वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व आयुष्यात वालचंदशेठांनी एकही मोठे काम एकट्याने केले नाही. आपणास काय येत नाही, हे त्यांना कळत होते. आणि ते ज्याला येते त्याला शेजारी बसविण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. मनाच्या बळाची पहिली पायरी ही होय, असे आम्हास वाटते.

बांधकामाच्या धंद्यात फाटक-वालचंद ही संस्था वाढत गेली आणि १९२० साली टाटांच्या बांधकाम कंपनीत ती सामील झाली. मुंबई-पुणे लोहमार्गावर भोर घाटातील बोगद्यांचे अवघड काम या कंपनीने केले. तानसा तलावातून मुंबईस पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांचे कामही तिच्याकडे होते. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. डोंगर पोखरून बोगदा काढणाऱ्यास कातळ किती लागेल आणि पाणी कोठे फुटेल, याचा नेमका अदमास कधीच करता येत नाही. खोदत जावयाचे, अडले तर उपाय शोधावयाचा आणि पुन्हा खोदावयाचे. वालचंदशेठांच्या स्वभावास या धंद्याने वळण लावले असावे, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता म्हणावेसे वाटते.

आता त्यांच्या आयुष्यातील पहिल्या मोठ्या झुंजीकडे वळू. पहिले महायुद्ध संपले, तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील व परदेशी जाणारी जवळजवळ सारी जलवाहतूक इंग्रज कंपन्यांच्या हाती होती. माल आपला, बंदरे आपली, पण नूर ठरविणार परके. हे वालचंदशेठांना खुपत होते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी नावाची आगबोट विक्रीस आहे असे कळताच शेठ नरोत्तम मोरारजी, शेठ किलाचंद देवचंद व श्री. लल्लुभाई सामळदास यांच्या सहकार्याने १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. यांतील नरोत्तम मोरारजी सोलापूरकरांना परके नव्हेत. आपल्या गावची जुनी गिरणी उभारणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे ते चिरंजीव. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनच्या मार्गास लागली. हाच दिवस १९६४ पासून आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट येथे संपते. वास्तविक त्रास येथून सुरू झाला. लॉयल्टी ही नवी बोट नव्हती; एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने ती १८९१ पासून पॅसिफिक महासागरात फिरलेली होती. तिचा खर्च भागेना. तिकडे लॉर्ड इंचकेप यांच्या अधिपत्याखालील बलाढ्य इंग्रज कंपन्यांनी नुराचे दर इतके उतरविले की, नव्या कंपनीने प्रत्येक फेरीस तोटाच सोसावा. ज्याच्यापाशी शंभर बोटी आहेत तो वर्षानुवर्षे तोटा सोसू शकतो. ज्याच्यापाशी मूठभर आहेत त्याने काय करावे? अखेर १९२३ साली सिंदियास दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. त्यात बोटींच्या एकंदर टनभारावर मर्यादा आली आणि किनाऱ्यावरील मालवाहतुकीवर समाधान मानण्याची पाळी आली. ज्या स्वप्नासाठी कंपनी काढली, त्या दूरच्या समुद्राची वाट बंद झाली. त्याच वर्षी लॉयल्टी मोडीत निघाली.

चार वर्षांत पहिली बोट भंगारात आणि स्वप्न कागदावर बांधलेले! एखादा मानी मनुष्य अशा वेळी चिडून सर्व सोडून देता, किंवा हट्टास पेटून सर्व गमावून बसता. वालचंदशेठांना हा करार रुचला नव्हता; तरीही त्यांनी कंपनी सोडली नाही. जे उरले तेवढ्यात कंपनी जिवंत ठेवली. माघार घेणे आणि हार मानणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी वयाच्या चाळिशीत जाणले. मनातील संतापासही त्यांनी वाट दिली. तो घरी बायकामुलांवर काढला नाही, की आतल्या आत गिळलाही नाही. व्यापाऱ्यांच्या मंडळांतून, सभांतून, सरकारदरबारी निवेदनांतून त्यांनी देशी जहाजांचा हक्क उघडपणे मांडला. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि पुढे देशातील व्यापारी मंडळांच्या महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. स्वतःचे गाऱ्हाणे त्यांनी सर्वांचे गाऱ्हाणे करून टाकले, त्यामुळे त्याचा भार त्यांच्या एकट्यावर राहिला नाही.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात निवर्तले. दहा वर्षांचा सोबती एका क्षणात गेला, आणि सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदशेठांकडे आले. पुढे १९५० पर्यंत त्यांनी ते सांभाळले.

याच काळात त्यांचे दुसरे एक काम जमिनीवर चालले होते. १९२३ साली नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या रावळगाव येथे त्यांनी खडकाळ, नापीक अशी विस्तीर्ण जमीन घेतली. लोकांना ते वेडेपण वाटले असल्यास नवल नाही. जाणत्या लोकांस हाताशी धरून, वर्षानुवर्षे मेहनत करून ती जमीन उसाखाली आणली, तेव्हा कोठे १९३३ साली तेथे साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे बीज पेरल्यापासून साखर हाती येईपर्यंत दहा वर्षे! पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथील माळावरही अशीच उसाची शेती व साखर कारखाना झाला, आणि त्या वसाहतीस आज आपण वालचंदनगर म्हणतो. समुद्रावर हात बांधले गेले असता हा पुरुष माळावर ऊस लावीत होता, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे. एका ठिकाणी दार बंद झाले म्हणून त्याच दारावर डोके आपटीत राहण्याची त्यांची रीत नव्हती.

आता १९३९ नंतरच्या काळाकडे येऊ. मोटारींचा कारखाना काढण्याच्या खटपटीसाठी ते अमेरिकेस गेले होते. फोर्ड कंपनीशी बोलणी जमली नाहीत. पुढे क्रायस्लर कंपनीशी जमली. याच दौऱ्यात विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. चीनमध्ये विमाने जुळविण्याचा कारखाना चालविणारे हे गृहस्थ. त्या भेटीतून हिंदुस्थानातही विमाने बांधता येतील, हा विचार निघाला. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवलाचा वाटा दिला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. दुसऱ्याच वर्षी तेथे जुळविलेले पहिले विमान आकाशात उडाले.

जहाजबांधणीची गोदी काढण्याचा बेतही याच वेळी मूर्त स्वरूपास आला. कलकत्त्यास जागा मिळाली नाही, म्हणून विशाखापट्टण निवडले, आणि २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसली. विमाने, जहाजे, मोटारी, असे तीन मोठे उद्योग एकाच वेळी, आणि तेही परक्या सरकारच्या राज्यात व महायुद्धाच्या वणव्यात! मोटारींच्या कारखान्यास त्या सरकारने युद्धकाळात साहाय्य केले नाही. ती योजना तशीच अडून राहिली.

मग आला एप्रिल १९४२. जपानच्या फौजा ब्रह्मदेशात येऊन ठेपल्या होत्या; सिंदियाच्या काही बोटी शत्रूने बुडविल्या होत्या. २ एप्रिल रोजी हिंदुस्थान सरकारने विमान कारखाना ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. वालचंदशेठ व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग सरकारने विकत घेतले. सव्वा वर्षापूर्वी उभारलेला, नुकते विमान उडविलेला कारखाना हातातून गेला. त्यानंतर चारच दिवसांनी, ६ एप्रिल रोजी, जपानी विमानांनी विशाखापट्टणवर बाँब टाकले. बंदरात हाहाकार उडाला आणि गोदीचे काम खोळंबले. एकाच आठवड्यात दोन स्वप्नांवर घाला पडला. वालचंदशेठांचे वय त्या वेळी एकोणसाठ वर्षांचे होते. या वयात मनुष्य नातवंडांत रमतो आणि तीर्थयात्रेचे बेत करतो.

वाचकहो, या आठवड्यापाशी आपण क्षणभर थांबू. मनातल्या मनात त्या गृहस्थाच्या जागी बसून पाहू. पैशाचे नुकसान हे एक दुःख. परंतु आपण लावलेले रोप आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या अंगणात जावे, हे त्याहून निराळे दुःख आहे. त्यात अपमान असतो, रुखरुख असते, आपण कोठे चुकलो हा प्रश्न रात्रंदिवस पोखरीत असतो.

मनाची परीक्षा पुढच्या कृतीवरून होते. विमान कारखाना गेला तो गेला; त्यासाठी ते आयुष्यभर रडत बसले नाहीत. गोदीचा नाद मात्र सोडला नाही, कारण ती अजून आपल्या हाती होती. अडून राहिलेला मोटारींचा बेत १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स या नावाने कुर्ल्यास उभा राहिला, आणि १९४७ साली त्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणच्या गोदीत बांधलेले जलउषा हे जहाज पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. लॉयल्टी मुंबईहून निघाल्यास तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती. जुनी विकत घेतलेली बोट ते आपल्या मातीवर बांधलेले जहाज, एवढे अंतर तोडण्यास एकोणतीस वर्षे लागली.

जे गेले ते गेले म्हणून सोडणे आणि जे हाती आहे ते घट्ट धरणे, हा विवेक बोलण्यास सोपा, आचरण्यास महाकठीण. आपल्यातील पुष्कळजण नेमके उलट करतात. गेलेल्या गोष्टीची खंत करीत राहतात आणि त्या खंतीत हातची गोष्टही सुटू देतात. आमच्या त्या विद्यार्थ्याचे असेच झाले होते. एका गिऱ्हाइकाकडे थकलेल्या रकमेच्या चिंतेत त्याचे चालू दुकानाकडे लक्ष उरले नव्हते.

वालचंदशेठ देवमाणूस होते, त्यांना चिंता शिवली नाही, असे चित्र आम्ही रंगवू इच्छीत नाही. तसे रंगविणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, आणि वाचकांचीही दिशाभूल होईल. ते एका वेळी फार हात पसरीत. एक काम पुरे होण्याच्या आत दुसरे अंगावर घेत. आणि या साऱ्याची किंमत कोणीतरी भरावयाचीच असते. ती त्यांच्या देहाने भरली. १९४९ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. जलउषा पाण्यात उतरल्यास तेव्हा फार काळ लोटला नव्हता. तीस वर्षे मनाने जे सोसले त्याचा हिशेब शरीराने पुढे ठेवला, असे आमच्यासारख्या साध्या माणसास वाटल्यावाचून राहत नाही.

यानंतरचा भाग चरित्रकार दोन ओळींत आटोपतात. आम्हास मात्र तो सर्वांत मोलाचा वाटतो. १९५० साली वालचंदशेठ उद्योगांच्या व्यापातून निवृत्त झाले. सिंदियाचे अध्यक्षपद त्यांनी सोडले. ज्याने आयुष्यभर काही ना काही उभे केले, त्याने थांबणे स्वीकारले. पत्नी सौ. कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. शेठ गुलाबचंद, शेठ लालचंद आदी बंधूंनी उद्योगांची धुरा वाहिली. कारखाने बंद पडले नाहीत, रुळांवरून गाडी घसरली नाही. वालचंदशेठांनी सुरुवातीपासून माणसे जोडली होती, म्हणून त्यांच्यावाचूनही कामे चालू शकली. जो मनुष्य सारे काही आपल्याच मुठीत ठेवतो, त्याला आजारी पडण्याचीही सोय राहत नाही. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या पश्चात काय राहिले, हे पाहण्यासारखे आहे. बंगळूरचा जो कारखाना हातातून गेला, त्यातूनच १९६४ साली हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ही संस्था आकारास आली, आणि ती आजही देशासाठी विमाने बांधते. विशाखापट्टणची गोदी १९५२ साली हिंदुस्थान शिपयार्ड झाली. तीही आज सरकारी मालकीत कार्यरत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून २०२३ सालापर्यंत धावल्या, मग त्यांचा काळ संपला. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ साली त्यांचे नाव देण्यात आले. सोलापुरात १९६२ साली कला व शास्त्र महाविद्यालय व १९८३ साली तंत्रशिक्षणाची संस्था त्यांच्या नावाने निघाली. काही उद्योग टिकले, काही लयास गेले, काही दुसऱ्यांचे झाले. परंतु जे दुसऱ्यांचे झाले तेही वाया गेले नाहीत. ज्याला आपण नुकसान म्हणतो ते सर्वस्वी नुकसान असतेच असे नाही, हे कळण्यास कधी कधी एक पिढी जावी लागते.

आता या चरित्राचा आपल्या घराशी संबंध काय, ते थोडक्यात सांगून लेखणी आवरती घेतो. आपला समाज व्यापारी. नफा-तोटा आपल्या पाचवीस पुजलेला. याच सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजताना आम्ही ऐकले आणि ते एकामागून एक मुके होतानाही पाहिले. यंत्रमागांची, चादरींची, कापडाची मंदी येते आणि जाते. परंतु तोटा झाला की आपल्या घरी एक विचित्र मौन पसरते. अब्रू जाईल, सोयरिकी अडतील, भाऊबंद हसतील, या भयाने कर्ता पुरुष तोंड मिटून बसतो. वालचंदशेठांचे तोटे साऱ्या मुंबईस ठाऊक होते. वर्तमानपत्रांत छापून येत होते. त्यामुळे त्यांची अब्रू गेली नाही. अब्रू लपवाछपवीने जाते, तोट्याने जात नाही.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, मुलगा किंवा सून व्यवसाय करीत असेल, तर वर्षातून चार वेळा तरी वह्या उघडून सर्वांनी एकत्र बसावे. त्या बैठकीत दोष देणे वर्ज्य करावे. तरुणांस विनंती अशी की, झोप उडाली, भूक मेली, कशातच मन लागेनासे झाले, आणि असे पंधरवडा चालू राहिले, तर तो दुबळेपणा समजू नये. ताप आल्यासारखे ते एक दुखणे आहे असे समजावे, आणि दुखण्यास वैद्य असतो. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात आता लाज वाटण्याचे कारण उरलेले नाही. सरकारने २०२२ सालापासून टेलि-मानस नावाची सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास आपल्या भाषेत विनामूल्य सल्ला मिळतो. जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल गेली असेल, तर एक क्षणही न दवडता घरच्यांस सांगावे. कोणतेही कर्ज माणसापेक्षा मोठे नाही.

आपल्या धर्मानेही याची सोय पूर्वीच करून ठेवली आहे. परिग्रहास परिमाण असावे, असे अणुव्रत सांगते. हे धनास जसे लागू तसे उद्योगाच्या व्यापासही लागू समजावे. रोजची सामायिक म्हणजे हानी आणि लाभ यांकडे समभावाने पाहण्याची तालीमच होय. दोन घटका दुकान, दूरध्वनी व उधारी यांपासून दूर बसणाऱ्यास तिचे फळ मिळाल्यावाचून राहत नाही. परंतु धर्माचरण हे औषधाच्या जोडीला असावे, औषधाच्या ऐवजी नसावे, एवढे मात्र बजावून सांगावेसे वाटते.

वालचंदशेठांची जयंती दरवर्षी नोव्हेंबरात येते. त्या दिवशी त्यांच्या तसबिरीस हार घालताना मुलांना जलउषेची गोष्ट अवश्य सांगावी. पण त्याआधी मोडीत निघालेल्या लॉयल्टीची आणि एप्रिल १९४२ च्या त्या आठवड्याची गोष्ट सांगावी. मग १९५० साली ते थांबले, आणि थांबले असता बंधूंनी व पत्नीने त्यांना सांभाळले, हेही सांगावे. आपल्या घरातील एखादा मुलगा ते ऐकून त्या रात्री आपल्या बापाशी किंवा भावाशी मोकळेपणाने दोन शब्द बोलला, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले, असे आम्ही समजू.

जय जिनेंद्र.